सिस्टर संशोधन करतात तेव्हा

बाळंतपणासाठी दवाखान्यात दाखल झालेल्या बाईला कित्येक वर्षं तीन गोष्टी चुकल्या नाहीत. आधी ‘पार्ट प्रिपरेशन’, म्हणजे वस्तऱ्यानं खालचे केस काढणं. मग एनिमा. आणि पहिलटकरीण असेल तर बाळाचं डोकं दिसू लागताच कात्रीनं दिलेला छेद, ज्याला लेबर रूममध्ये सगळे नुसतं ‘एपी’ म्हणतात. कारण विचारलं तर उत्तर तयार असे. केस काढले की जंतुसंसर्ग टळतो. एनिमा दिला की बाळाच्या वाटेवर घाण येत नाही, कळाही जोर धरतात. सरळ छेद दिला की वेडंवाकडं फाटत नाही, टाके नीट बसतात. ऐकणाऱ्याला पटावीत अशीच ही कारणं होती.

यातला केसांचा प्रश्न खरं तर १९२२ मध्येच निकालात निघायला हवा होता. जॉन्स्टन आणि सिडॉल या अमेरिकी जोडीनं ३८९ बायकांची आळीपाळीनं दोन गटांत विभागणी केली. एका गटाचे केस वस्तऱ्यानं काढले, दुसऱ्या गटाचे नुसते कात्रीनं कमी केले. बाळंतपणानंतरच्या तापात काही फरक पडला नाही. निबंध छापून आला आणि वस्तरा पुढची साठेक वर्षं चालतच राहिला. १९८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या मोना रॉम्नी या संशोधक मिडवाइफनं हा प्रश्न पुन्हा उकरून काढला. पाठोपाठ १९८१ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर २७४ बायकांचा अभ्यास करून एनिमाचंही तसंच आहे हे दाखवलं. एनिमा दिल्यानं प्रसूती लवकर होत नव्हती आणि स्वच्छताही वाढत नव्हती. या वेळी मात्र वॉर्डातले लोक ऐकू लागले. त्या काळात तिथल्या बायकांच्या संघटनाही या प्रकारांविरुद्ध बोलत होत्या, त्यांचा वाटा मोठा आहेच. पण मला दुसरंही एक कारण दिसतं. वस्तरा सिस्टरच्या हातात होता, आणि या खेपेला प्रश्न विचारणारीही सिस्टरच होती.

नर्सिंग आणि मिडवायफरी या विषयांत एम.एस्सी. होतं, पीएच.डी. होते, प्राध्यापक असतात, असं सांगितलं की अजूनही लोक विचारतात, यात संशोधन ते काय करणार? औषधं शोधणारे वेगळे, ऑपरेशनं करणारे वेगळे, मग सिस्टरनं शोधायचं काय? त्याचं उत्तर रीडिंग या इंग्लिश गावातल्या एका चाचणीत आहे. तिच्यापाशी थोडं थांबायला हवं.

१९८२ साल. जेनिफर स्लीप ही मिडवाइफ रीडिंगच्या रुग्णालयात काम करत होती. एपीबद्दल तिथल्या मिडवाइफांत दोन तट होते. काहीजणी सरसकट छेद द्यायच्या, काहीजणी शक्यतो टाळायच्या, आणि दोन्ही तटांना आपलंच बरोबर वाटायचं. ऑक्सफर्डच्या राष्ट्रीय पेरिनेटल एपिडेमिऑलॉजी युनिटमधल्या संशोधकांच्या मदतीनं स्लीपनं चाचणी आखली. नैसर्गिक प्रसूती होईल अशी अपेक्षा असलेल्या १,००० बायका घेतल्या. प्रसूती अगदी जवळ आली की मिडवाइफनं एक बंद, आरपार न दिसणारा लिफाफा फोडायचा. आतल्या कागदावर दोनपैकी एक सूचना असे. एकीचा अर्थ असा की छेद टाळायचा प्रयत्न करा, बाळाला धोका दिसला तरच द्या. दुसरीचा अर्थ असा की फाटणं टाळायचा प्रयत्न करा, त्यासाठी छेद सढळ हातानं द्या.

या सूचनांची भाषा बारकाईनं बघण्यासारखी आहे. ‘छेद द्या’ आणि ‘छेद देऊ नका’ असे हुकूम कागदावर नव्हते. कारण त्या क्षणी समोर काय दिसतंय ते मिडवाइफलाच कळतं. बाळाचे ठोके उतरले तर कुठलाही कागद तिचा हात धरून ठेवू शकत नाही. म्हणून तिला फक्त कल सांगितला, निर्णय तिच्याकडेच ठेवला. लेबर रूममध्ये उभं राहून ज्यानं रात्री काढल्या आहेत, त्यालाच अशी चाचणी सुचते. टेबलावर बसून आखली असती तर हुकूम लिहिले गेले असते आणि पहिल्याच आठवड्यात मोडले गेले असते.

निकाल १९८४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. टाळणाऱ्या गटात १० टक्के बायकांना छेद दिला गेला, सढळ गटात ५१ टक्के. टाळणाऱ्या गटात ३४ टक्के बायका अजिबात जखम न होता बाळंत झाल्या, दुसऱ्या गटात २४ टक्के. पुढच्या बाजूला किरकोळ फाटण्याचं प्रमाण मात्र टाळणाऱ्या गटात थोडं जास्त होतं, तेही निबंधात लपवलेलं नाही. बाळांच्या प्रकृतीत फरक नव्हता. दहाव्या दिवशी आणि तीन महिन्यांनी बायकांना विचारलं, दुखतं का? दोन्ही गटांत सारखंच दुखत होतं. नवराबायकोचे संबंध महिन्याच्या आत पुन्हा सुरू झालेल्या बायका टाळणाऱ्या गटात जास्त निघाल्या. तीन वर्षांनी पुन्हा पाठपुरावा केला, त्यात खोकताना-शिंकताना लघवी सुटते का हेही विचारलं. छेदामुळे पुढे हा त्रास टळतो अशी समजूत होती. तसं काही आढळलं नाही.

दुखणं, संबंध, लघवी. एखाद्या शल्यविशारदानं ही चाचणी केली असती तर त्यानं जखम किती सेंटिमीटर आणि टाके किती हे मोजलं असतं, आणि ते बरोबरही ठरलं असतं. पण घरी गेल्यावर बसताना काय होतं, हे बाई सांगते ती सिस्टरला, राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना नव्हे. नर्सिंगमधल्या संशोधनाचं वेगळेपण मला इथे दिसतं. काय मोजायचं, हेच ते बदलतं.

स्लीप पुढे जखमेवरच्या घरगुती उपायांकडे वळली. बाळंतिणीनं मिठाच्या पाण्यात बसावं, हा सल्ला आपल्याकडेही सिट्झ बाथच्या नावानं दिला जातो. १९८८ मध्ये तिनं १,८०० बायकांचे तीन गट केले. एकीच्या आंघोळीच्या पाण्यात मीठ, दुसरीच्या सॅव्हलॉन, तिसरीच्या काहीच नाही. जखम भरण्यात फरक पडला नाही. कोमट पाण्यानं बरं वाटतं, हे बहुतेकजणींनी सांगितलं, पण त्याचं श्रेय मिठाला द्यायचं कारण उरलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९६ मध्ये सामान्य प्रसूतीबद्दल मार्गदर्शिका काढली, तेव्हा सरसकट केस काढणं आणि सरसकट एनिमा यांना बंद करण्याच्या यादीत टाकलं. छेदाबद्दल २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात १२ चाचण्या एकत्र केल्या. गरजेपुरताच छेद देण्याचं धोरण ठेवलं तर गंभीर फाटण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं, असं त्यातून दिसलं. तरीही आपल्याकडे पहिलटकरणीच्या बाबतीत कात्री अजून सवयीनं उचलली जाते. ते का, हा वेगळा प्रश्न.

तर असं संशोधन करणाऱ्या सिस्टर येतात कुठून? विद्यापीठानं नर्सिंगला दार उघडायला बराच वेळ लावला. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात ॲडलेड नटिंग प्राध्यापक झाल्या, नर्सिंगमधल्या त्या जगातल्या पहिल्या. ब्रिटनमध्ये एडिंबरा विद्यापीठानं १९५६ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून नर्सिंगचा अभ्यासविभाग काढला. इंग्लंडला नर्सिंगच्या प्राध्यापकपदासाठी १९७४ पर्यंत थांबावं लागलं. मँचेस्टरमध्ये जीन मॅकफार्लेन त्या पदावर आल्या.

एडिंबरामध्येच १९७१ मध्ये नर्सिंग संशोधनाचं स्वतंत्र केंद्र निघालं. त्याच्या पहिल्या संचालक लिस्बेथ हॉकी. मूळच्या ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या. तिथे त्या वैद्यकीय शिक्षण घेत होत्या. नाझी आल्यावर १९३८ मध्ये देश सोडावा लागला. इंग्लंडमध्ये डॉक्टर होणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्या नर्स झाल्या, मग मिडवाइफ, मग घरोघरी जाणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्स. पायी आणि सायकलवरून केलेल्या या कामात त्यांना दिसलं, की नर्सचा निम्मा दिवस कशात जातो हे वरिष्ठांना ठाऊकच नाही. १९६६ मध्ये त्यांनी डिस्ट्रिक्ट नर्सिंगची पाहणी प्रसिद्ध केली ती यातून. त्याआधी, १९६२ मध्ये, डोरीन नॉर्टन यांनी रुग्णालयातल्या वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास केला होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला फोड येतात, ते येण्याआधीच धोका कसा ओळखायचा, यासाठी त्यांनी पाच गोष्टींना गुण दिले. शारीरिक अवस्था, मनाची अवस्था, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल आणि लघवी-संडासवरचा ताबा. वीसपैकी चौदा किंवा कमी गुण आले की पेशंट धोक्यात. नर्सिंगच्या आपल्या विद्यार्थिनी नॉर्टन स्केल परीक्षेसाठी पाठ करतात. ज्या वॉर्डात त्यांची पोस्टिंग असते तिथे हे गुण कधी कागदावर उतरलेले दिसतात का, ते विचारू नये.

मिडवायफरीतली एखादी आख्खी कारकीर्द कशी असते हे बघायचं तर मेरी रेन्फ्रू यांचं नाव घेता येईल. एडिंबरामध्ये नर्सिंग, मग मिडवाइफ, मग स्तनपानावर पीएच.डी. ऑक्सफर्डच्या त्याच पेरिनेटल युनिटमध्ये मिडवायफरी संशोधनाची जबाबदारी, लीड्समध्ये माता-बाल संशोधन केंद्राची उभारणी, शेवटी डंडीत प्राध्यापकी. २०१४ मध्ये लॅन्सेटनं मिडवायफरीवर लेखमाला काढली, तिच्या पहिल्या निबंधाच्या त्या प्रमुख लेखिका. उपलब्ध पुरावे चाळून त्यांच्या गटानं ७२ परिणामकारक पद्धती आणि त्यांनी सुधारू शकणाऱ्या ५६ गोष्टी मांडल्या. मृत्यू टळण्यापासून आईला आपल्याशी नीट वागलं गेलं असं वाटण्यापर्यंतच्या.

आकडेमोडीच्या बाजूनं सगळ्यात दणदणीत काम अमेरिकेतल्या लिंडा एकन यांचं. त्याही मूळच्या नर्स. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या नोंदी घेऊन २००२ मध्ये त्यांनी दाखवलं, की एका नर्सकडे असलेल्या पेशंटांत एकाची भर पडली की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांतून, चार लाखांहून जास्त पेशंटांच्या नोंदींतून, पुन्हा तेच ७ टक्के आले. सोबत आणखी एक निष्कर्ष. पदवीधर नर्सांचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की मृत्यूची शक्यता तितकीच, ७ टक्क्यांनी, कमी होते. ‘सिस्टरला कशाला हवी डिग्री’ म्हणणाऱ्यांना द्यायला हे उत्तर पुरेसं आहे. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटांमागे एक नर्स असं आहे. सरकारी जनरल वॉर्डात रात्री एकदा चक्कर मारून सिस्टर किती आणि खाटा किती हे मोजावं. जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या.

आपल्याकडची सुरुवात फार मागून झाली. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाचं काम सुरू झालं आणि त्यांनी विधवा, परित्यक्ता अशा मुलींना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा केवढी टीका झाली. परपुरुषाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, आणि तेही चांगल्या घरातल्या मुलींनी! देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीला दिसलेलं चित्र ४३,००० लोकांमागे एक नर्स असं होतं. त्याच साली दिल्लीत आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नर्सिंगची पदवी सुरू झाली. दिल्लीचं ते कॉलेज पुढे राजकुमारी अमृत कौर यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं, आणि तिथेच १९५९ मध्ये देशातली पहिली नर्सिंगची एम.एस्सी. सुरू झाली. महाराष्ट्रात कर्व्यांच्या महिला विद्यापीठानं, म्हणजे एसएनडीटीनं, १९६४ मध्ये मुंबईत लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज काढलं. आता राज्यातली बहुतेक कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात.

शिडी साधारण अशी. बारावीनंतर चार वर्षांची बी.एस्सी., किंवा जीएनएम ही पदविका करून पोस्ट बेसिक बी.एस्सी. थोडा अनुभव, मग दोन वर्षांची एम.एस्सी., पाचपैकी एका शाखेत, ज्यात प्रसूती आणि स्त्रीरोग ही एक. मग ट्यूटर, असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट, प्रोफेसर, प्रिन्सिपल. पीएच.डी.साठी २००५-०६ पासून भारतीय परिचर्या परिषद आणि बंगळुरूचं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. शिवाय अनेक विद्यापीठं आपापल्या परीनं पदवी देतात. कागदावर सगळं नीट आहे.

गोम अशी आहे, की या शिडीची प्रत्येक पायरी वॉर्डापासून लांब नेते. एम.एस्सी. झालेली सिस्टर शिकवायला लागली की तिचा पेशंटशी संबंध विद्यार्थिनींच्या पोस्टिंगपुरता. प्रोफेसर झाली की तोही सुटतो. मग टाइमटेबल, इंटर्नल मार्क, इन्स्पेक्शनच्या फाइली. इकडे वॉर्डात राहिलेली हुशार सिस्टर पुढे इन्चार्ज होते, तिला ड्यूटी लावण्यातून आणि इंडेंट भरण्यातून डोकं वर काढता येत नाही. प्रश्न दिसतात तिला, पद्धत येते तिच्या बाईंना, आणि दोघींची गाठ पडत नाही.

याचा पुरावा हवा असेल तर नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन एम.एस्सी.च्या प्रबंधांचं कपाट उघडावं. सोनेरी अक्षरांच्या त्या जाड बांधणीवर एकच शीर्षक फिरून फिरून भेटतं. ‘अमुक शहरातील निवडक रुग्णालयांतील मातांच्या तमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाचा परिणाम.’ आत मामला असा. साठ माता गोळा करायच्या, तीस प्रश्नांची प्रश्नावली द्यायची, तक्ते आणि फ्लॅश कार्ड दाखवून पाऊण तास शिकवायचं, सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची. गुण वाढतात. शिकवल्यावर गुण वाढतात, हे ‘टी’ चाचणी लावून सिद्ध होतं, गृहीतक मान्य होतं, परीक्षक सही करतात. त्या मातेनं घरी जाऊन बाळाला पहिल्या तासात पाजलं का, सासूनं मध चाटवला का, हे बघायला कुणी जात नाही.

विद्यार्थिनीला यात दोष देणं सोपं आहे, पण तिच्या हातात काय असतं? जेमतेम वर्ष, पदरचे पैसे आणि वॉर्डात पाहुणीचं स्थान. एखादी रूढ पद्धत थांबवून बघायची तर डॉक्टर, मेट्रन, अधीक्षक सगळ्यांची संमती हवी. शिकवण्याला मात्र कुणाचीच हरकत नसते. म्हणून ती शिकवते. व्यवस्थेनं जेवढी वाट मोकळी ठेवली, तेवढ्याच वाटेनं हे संशोधन चाललं आहे.

वेल्लोरनं यावर जुन्या काळीच एक तोड काढली. तिथे कॉलेजात शिकवणाऱ्या नर्सकडेच वॉर्डाचीही जबाबदारी असते. सकाळी ज्या पेशंटांची व्यवस्था तिनं बघितली, त्यांच्याबद्दलच ती दुपारी वर्गात बोलते. काम दुप्पट होतं, तक्रारीही असतात. पण ‘पुस्तकात एक आणि वॉर्डात एक’ हे विद्यार्थिनींचं पेटंट वाक्य तिथे म्हणायची सोय कमी. बाकीच्यांनी हे उचललं नाही, कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कॉलेज एका खात्याचं किंवा ट्रस्टचं, रुग्णालय दुसऱ्याचं. पगार वेगळे, हजेरीपटही वेगळे.

मिडवायफरीत आता थोडी हालचाल दिसते. आपल्याकडे नर्सची आणि मिडवाइफची नोंदणी एकाच वेळी होते, त्यामुळे कागदावर प्रत्येक सिस्टर मिडवाइफ असते. पुढची वीस वर्षं मग ती डोळ्यांच्या वॉर्डात काढो. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अठरा महिन्यांचं जादा प्रशिक्षण घेतलेल्या ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’चं धोरण आणलं. तेलंगणात हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या मदतीनं तसं काम त्याआधीच सुरू झालं होतं. २०२३ मध्ये जुना १९४७ चा परिषद कायदा जाऊन राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा आला. मिडवायफरीला कायद्याच्या नावात जागा मिळाली, हे वाईट नाही. लेबर रूमच्या दर्जासाठीचा ‘लक्ष्य’ कार्यक्रमही २०१७ च्या डिसेंबरपासून आहे. त्यात बाईबरोबर सोबतीण असावी, तिला हवं तसं बसू-फिरू द्यावं, असं सगळं लिहिलेलं आहे.

या लेबर रूमांमध्ये संशोधनाचे विषय भिंतीला टांगलेले असतात. पार्टोग्राफचंच बघा. कळा सुरू झालेल्या बाईची प्रगती त्या आलेखावर मांडायची. बाळाचे ठोके आणि कळा दर अर्ध्या तासानं, गर्भाशयाचं तोंड किती उघडलं ते दर चार तासांनी. रेषा उजवीकडे सरकली की वेळेवर मोठ्या दवाखान्यात हलवायचं, यासाठी तो कागद. केसपेपरला तो जोडलेला असतोच, छान भरलेलाही असतो. फक्त अनेकदा तो बाळ जन्मल्यानंतर, सगळं आवरून, सिस्टर स्टुलावर टेकल्यावर एका बैठकीत भरलेला असतो. लेबर रूममध्ये काम केलेल्या प्रत्येकीला हे ठाऊक आहे. यावर ‘पार्टोग्राफविषयक ज्ञानावर अध्यापन कार्यक्रमाचा परिणाम’ असा प्रबंध हमखास होतो, आणि ज्ञान वाढल्याचं त्यात निघतं. ज्ञान मुळात कमी नव्हतंच.

खरा विषय घ्यायचा तर विद्यार्थिनीला काही आठवडे रात्रपाळीच्या सिस्टरबरोबर बसावं लागेल. एका वेळी टेबलावर किती बाया आहेत, सिस्टरला फोन, औषधं, नातेवाईक आणि बाळाचं वजन यांतून पेन हातात धरायला कधी फुरसत मिळते, हे मिनिटामिनिटानं टिपावं लागेल. सिस्टरनं तिला वरून आलेली तपासनीस समजू नये एवढी ओळख आधी करावी लागेल. प्रश्नावली वाटून हे व्हायचं नाही. एथिक्स कमिटी अशा अभ्यासाला परवानगी देईल. रुग्णालय देईलच असं नाही, कारण प्रबंधात छापून येणार ते सगळ्यांना आधीच माहीत आहे.